बाबा विसरले आणि साईट बसली

आमच्या बाबांना प्रसिद्धी मिळाली ती संवाद विसरल्यामुळे. त्या दिवशी त्यांना भाषण नीट आठवलं असतं, तर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या त्या सभागृहाबाहेर त्यांना कुणी ओळखलं नसतं आणि मीही त्या आठवड्यात निवांत झोपले असते.

ग्वाल्हेरातल्या मराठी घरांचं आमचं एक मंडळ आहे. गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू आणि हिवाळ्यात एक नाटक. नाटक लिहितात सचिवकाका. हे बाबांचे शाळेपासूनचे मित्र, बँकेतून निवृत्त झालेले, हजीरा भागात राहणारे. दर वर्षी ते एक नाटक लिहितात आणि दर वर्षी त्यात बाबांसाठी एक लांबलचक भाषण घालतात. यंदा बाबा वधूपिता होते. दुसऱ्या अंकात मुलगी सासरी निघते तेव्हा त्यांनी गहिवरून बोलायचं होतं. "पोरी," एवढं ते म्हणाले आणि थांबले.

डाव्या विंगेतून सचिवकाका पुढचं वाक्य कुजबुजले. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. काका पुन्हा कुजबुजले, जरा मोठ्याने. ते मला तिसऱ्या रांगेत ऐकू आलं, बाबांना नाही. शेजारी आईने डोळे मिटून घेतले.

मग बाबा प्रेक्षकांकडे वळले, चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि घरात बोलतात त्या आमच्या ग्वाल्हेरी मराठीत म्हणाले, "पुढचं कुणाला पता आहे का? मला तर काहीच आठवून नाही राहिलं."

आणि मग सभागृह फुटलंच. पुढच्या रांगेतली एक बाई ओरडली, "काळजी घे म्हणा!"

"ते तर मी रोजच म्हणतो. ती ऐकते कुठे?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आशीर्वाद द्या!"

"देतो ना. पण आधी जावई दाखवा. तोही कुठे विसरला बहुतेक!"

जावई झालेला इसम खरोखरच चहा प्यायला बाहेर गेला होता. त्याला धावत आणलं. वधू पदरात तोंड लपवून हसत होती, तिचे खांदे गदागदा हलत होते. बाबा तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा, किती रडून राहिली आहे!" शेवटी पडदा पाडावा लागला. तो पडतानाही बाबा खालच्या फटीतून काहीतरी बोलत होते.

कुणीतरी हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते नागपूरच्या आत्याकडे पोचलं, संध्याकाळी पुण्याच्या मामाकडे, आणि नंतर आमची ज्यांच्याशी काहीच ओळख नाही अशा लोकांकडून फिरून ते माझ्याच ऑफिसच्या ग्रुपवर आलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'या काकांना भेटायचंय.' बाबांच्या डोक्यामागे मंडळाचा कापडी फलक होता, आणि त्यावर ठळक अक्षरांत मंडळाच्या वेबसाइटचा पत्ता. ज्यांना ज्यांना काकांना भेटायचं होतं ते सगळे तिथे निघाले.

मी थाटीपूरच्या आमच्या घरातून काम करते. कंपनी पुण्यात, मी इथे. एखाद्या वेबसाइटवर एकदम खूप माणसं आली तर ती कोसळू नये, हे पाहणं माझं काम. आई कुणाला सांगताना म्हणते, "ती कंप्युटरमध्ये आहे." जसं काही मी त्याच्या आत बसलेली असते. तर त्या दुपारी मी मीटिंगमध्ये होते आणि बाबा दारात येऊन हातवारे करायला लागले. मी आवाज बंद केला.

"बेटा, पाचशे तीन म्हणजे काय?"

"कुठे दिसतंय?"

"मंडळाच्या साईटवर. आत्तापर्यंत तर चांगली चालली होती. आता पांढरं पान आणि त्यावर पाचशे तीन. सचिव म्हणतो, बैठ गयी."

खरंच बसली होती; पाचशे तीन म्हणजे सर्व्हरने हात टेकले. ही साईट सचिवकाकांच्या भाच्याने कॉलेजात असताना बांधली होती. तो आता कॅनडात असतो. भाड्याचा एक छोटासा सर्व्हर, दिवसाला दहा-बारा माणसं यायची, त्यांतली निम्मी हळदीकुंकवाची तारीख बघायला. आता तिच्यावर अख्खा महाराष्ट्र तुटून पडला होता. मी मीटिंगमधून "घरी इमर्जन्सी आहे" असं सांगून बाहेर पडले. ते खोटं नव्हतं.

पहिल्यांदा सापडले ते फोटो. गणेशोत्सवाचे फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले, इतके मोठे की मोदकावरचा तुपाचा थेंबही दिसावा. पानावर मात्र ते काडेपेटीएवढे दिसायचे. येणाऱ्या प्रत्येकाला साईट ते सगळं ओझं उचलून देत होती. मग दिसलं की मुख्य पान दर माणसामागे पहिल्यापासून नव्याने तयार होतंय. त्या पानावर गणपतीनंतर एक अक्षरही बदललं नव्हतं, पण सर्व्हर बिचारा प्रत्येकासाठी डेटाबेसला विचारून येत होता: आज काही नवीन? नाही. आज काही नवीन? नाही.

आणि खरा घोळ पानाच्या तळाशी होता. 'आपण आमचे अमुकावे पाहुणे आहात' असा एक आकडा. माणूस आला की डेटाबेसमध्ये जाऊन तो आकडा एकाने वाढवायचा. आकडा एकच, त्यामुळे एकाचं लिहून होईपर्यंत मागचा खोळंबणार, त्याच्या मागचा त्याच्यासाठी खोळंबणार. दहा-बारा माणसांत कुणाला कळतही नव्हतं. आता मात्र सगळा महाराष्ट्र एका आकड्यापाशी दाटीवाटीने उभा होता.

येतंय कोण हे बघू म्हणून मी नोंदी उघडल्या, आणि हसावं की रडावं कळेना. सगळ्यांत जास्त वेळा येणारा पाहुणा आमच्याच घरातला होता.

मी बाहेर आले. बाबा दिवाणावर रजईत बसून अंगठ्याने फोनचं पान खाली ओढत होते, सोडत होते, ओढत होते, सोडत होते.

"बाबा, काय चाललंय?"

"आकडा बघून राहिलो. पण आता तर काहीच येत नाही."

"सकाळपासून हेच करताय?"

"अगं, दर वेळी वाढतो ना तो!"

"तुम्ही बघता म्हणूनही वाढतो."

बाबा थबकले. ही शक्यता त्यांच्या डोक्यात आलीच नव्हती. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जेवतानासुद्धा तेच. डाव्या हाताने."

मी आकडा काढून टाकला. फोटो लहान केले, आणि मुख्य पान एकदाच तयार करून तेच सगळ्यांना द्यायची व्यवस्था केली. चहा निवायच्या आत साईट उठून बसली. मी खुर्चीत गोल फिरले. ऑफिसात एवढ्या कामासाठी आमची चार माणसं, दोन बैठका आणि एक मंजुरी लागते.

लगेच सचिवकाकांचा फोन. "बेटा, कमाल केलीस. पण आकडा कुठे गेला?"

"काका, त्याच्यामुळेच बसली होती."

"अरे यार, पण आकडा नसेल तर लोकांना समजेल कसं की लोक येऊन राहिलेत?"

बाबा दिवाणावरून मान हलवत होते, काकांच्या बाजूने. मग तडजोड झाली. येणाऱ्यांची मोजणी सर्व्हर मनातल्या मनात करील आणि पानावरचा आकडा थोड्या थोड्या वेळाने बदलेल. बाबांनी ते मान्य केलं खरं, पण नवा आकडा बघून ते हिरमुसले. "हलत नाही हा आता. मेल्यासारखा पडलाय." मग मध्येच तो बदलला, एकदम मोठी उडी मारून, आणि बाबा रजईसकट उभे राहिले.

एवढ्यावर भागलं असतं. पण काकांनी जाहीर केलं की नाटकाचा पुन्हा प्रयोग होणार. प्रवेश विनामूल्य. प्रवेशिका रविवारी सकाळी अकरा वाजता मंडळाच्या साईटवर, आणि ज्यांना ग्वाल्हेरला येता येणार नाही त्यांनी तिथेच घरबसल्या पाहावं. हे त्यांनी मला न विचारता केलं आणि मग फोन करून विचारलं, "होऊन जाईल ना?"

"होऊन जाईल," मी म्हणाले. का म्हणाले माहीत नाही. मला तेव्हा हवेत चालल्यासारखं वाटत होतं. दहा वर्षं मी अनोळखी कंपन्यांच्या अनोळखी गिऱ्हाइकांसाठी हेच करत आले होते, आणि आता ही गर्दी आमची होती. बाबांसाठी आलेली.

तयारी गच्चीवर केली, कारण थंडी अशी होती की खोलीत बोटं आखडत. उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून लॅपटॉपवर आईची शाल पांघरली आणि आत डोकं घातलं. आई शेजारी मटार सोलत होती. बाबा येऊन शालीत घुसले.

"हे काय चाललंय?"

"साईटची एक नक्कल बनवली आहे. तिच्यावर आता खोटी माणसं सोडणार."

"खोटी म्हणजे?"

"हा प्रोग्राम हजार माणसं असल्यासारखा वागेल. सगळी एकदम येतील, पान उघडतील, प्रवेशिका मागतील."

"यांना चहा विचारायचा नाही ना?" आईने बाहेरून विचारलं. आणि मग तिलाही राहवेना. मटाराची परात बाजूला सारून तीही शालीत आली. आमची तीन डोकी एका शालीखाली आणि समोर एक हिरवी रेघ, साईट किती माणसांना सांभाळतेय ते दाखवणारी. मी बटण दाबलं. रेघ चढली, चढली, थरथरली आणि धाडकन खाली पडली.

"गेली?" बाबा घाबरून म्हणाले.

"गेली. छान झालं."

"छान काय त्यात?"

"कुठे मोडते ते कळलं ना!" प्रवेशिका मागायला आलेला प्रत्येक जण डेटाबेसपाशी आपला वेगळा दरवाजा उघडत होता, आणि दरवाजे उघडण्यातच सर्व्हर दमत होता. मोजकेच दरवाजे उघडे ठेवून ते सगळ्यांनी आळीपाळीने वापरायचे, असं केलं. पुन्हा हजार माणसं सोडली. रेघ जास्त वर गेली आणि पुन्हा पडली. या वेळी रिकाम्या खुर्च्या दाखवणाऱ्या नकाशाने घात केला होता. प्रत्येकाला तो रंगीत नकाशा क्षणाक्षणाला ताजा करून मिळत होता. मी नकाशाच काढून टाकला. खुर्ची साईटच देईल, निवडायची नाही.

आई हे सगळं बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे तू रोज हेच करतेस? खोटे पाहुणे बोलावून घर पाडतेस?"

"कुठे पडतं ते बघते आणि तिथे टेकू देते. म्हणजे खरे पाहुणे आले की पडत नाही."

"हे असं सांगायचं ना कधी! मी आपली सगळ्यांना सांगते, कंप्युटरमध्ये आहे." तिने माझ्या पाठीवर थाप मारली. मटाराचा हात होता, स्वेटरवर हिरवा डाग पडला, तो मी मुद्दाम बरेच दिवस धुतला नाही.

तिसऱ्यांदा माणसं सोडली. रेघ चढली, वर जाऊन सपाट झाली आणि तशीच राहिली. मी संख्या दुप्पट केली. तशीच. अजून वाढवली. तशीच! मी शाल फेकून उठले आणि गच्चीवर नाचायला लागले, तोंडाने काहीतरी निरर्थक ओरडत. परातीला पाय लागला, मटार गच्चीभर घरंगळले, आणि बाबाही नाचायला लागले. का ते त्यांना नीट कळलं नव्हतं, पण नाचायला त्यांना कारण कधीच लागत नाही. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई ओरडल्या, "भाभीजी, क्या हुआ? लड़की का रिश्ता पक्का हो गया क्या?"

"नहीं!" आई ओरडली. "हज़ार लोग आ गए!"

एक गोष्ट राहिली होती. खुर्च्या थोड्या, माणसं भरमसाट. सगळ्यांना एकदम आत घेण्यापेक्षा दाराशी रांग लावावी आणि थोडे थोडे आत सोडावेत, असं मी ठरवलं. रांगेत उभ्या माणसाला एक साधं पान दिसेल: आपण रांगेत आहात. बाबांनी ते वाचलं आणि नाक मुरडलं. "एवढं कोरडं? लोक कंटाळून जातील. मी लिहितो."

"फोटो नको, व्हिडिओ नको. फक्त अक्षरं. अक्षरांना वजन नसतं."

बाबा आणि सचिवकाका दोन दिवस आमच्या बैठकीच्या खोलीत भांडले. काकांना सुविचार हवे होते. बाबा जिंकले. रांगेतल्या पानावर दर थोड्या वेळाने बाबांचं एक नवं वाक्य येणार होतं. 'धक्का देऊ नका, मागे माझी बायको उभी आहे.' 'तुमचा नंबर येईल. मला संवाद आठवायच्या आधी नक्की येईल.' 'पुढच्या गृहस्थांना नाव विचारलं तर ते विसरले म्हणाले. आमच्यातलेच दिसतात.'

रविवारी मी ठरवलं होतं की साडेदहाला लॅपटॉपसमोर बसायचं. त्याआधी निवांत डोक्यावरून न्हायचं. डोळ्यांत शांपू असताना बाबांनी दार बडवलं.

"बेटा, लोक आले!"

"कुठे?"

"साईटवर! सचिवने ग्रुपवर टाकून दिलं, आपल्या माणसांनी आधीच जाऊन बसा!"

सचिवकाकांच्या मते त्यांनी ते फक्त मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं. मंडळाच्या ग्रुपवरून पुढे जायला अशा गोष्टींना काय वेळ लागतो! मी डोक्याला टॉवेल गुंडाळून, तशीच निथळत लॅपटॉपपाशी आले. रेघ सरळ वर जात होती. मी की-बोर्डवर हातही ठेवला नाही. करण्यासारखं काही नव्हतं. सगळं झालं होतं. रेघ चढत राहिली, चढत राहिली, आणि वर जाऊन आडवी झाली. साईट उभी होती.

आणि मग एक मजेदार गोष्ट दिसली. अकरा वाजले, खुर्च्या वाटल्या गेल्या आणि बघता बघता संपल्या, पण रांग कमी होईना. उलट वाढायला लागली. ज्यांना प्रवेशिका मिळाली होती तेच लोक परत येऊन रांगेत उभे राहत होते.

"असं का?" बाबांनी विचारलं.

माझा फोन वाजला. पुण्याचा मामा. "अगं, ते बायकोच्या नंतरचं वाक्य मला दिसलंच नाही. परत रांगेत कसं उभं राहायचं?"

लोक बाबांची वाक्यं वाचायला रांगेत उभे होते! मी घाईने सगळी वाक्यं एका पानावर टाकली आणि रांगेवर पाटी लावली: 'वाक्यं वाचायची असतील तर इकडे या.' रांग अशी धावली त्या पानाकडे की मला स्क्रीनवर ती धावताना दिसल्यासारखं वाटलं. ते साधं पान होतं, कितीही जणांनी वाचावं. मी इतकी हसले की टॉवेल सुटून खाली पडला. बाबा अभिमानाने लाल झाले होते. "वाचून राहिलेत," ते परत परत म्हणत होते. "बसून वाचून राहिलेत!"

तेवढ्यात आई आतून आली, हातात फोन. "माझं काही होतच नाही. मी अजून रांगेतच आहे."

आम्ही दोघं तिच्याकडे वळलो.

"तू रांगेत होतीस?" बाबांनी विचारलं.

"मग काय? सगळे उभे होते, मीही उभी राहिले. आता लिहून येतंय की सगळ्या खुर्च्या संपल्या."

सचिवकाकांनी फोनवर सांगितलं, "वहिनी, तुम्ही काय बोलून राहिलात, तुमच्यासाठी एक खुर्ची तर कुठेही टाकून देऊ." पण आई हटून बसली. एवढी माणसं रांगेत राहून परत गेली, आपण मागच्या दाराने जायचं नाही. मग बाबांना युक्ती सुचली. काकांचा प्रॉम्प्टिंगचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, पण आईचा आवाज त्यांना कुठल्याही खोलीतून ऐकू येतो. आई प्रॉम्प्टर. उजव्या विंगेत.

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृह भरून वाहत होतं. भोपाळहून, इंदूरहून, झाशीहून लोक आले होते. मी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. व्हिडिओ एका मोठ्या बाहेरच्या सेवेवरून जात होता, आमच्या साईटवर फक्त त्याची खिडकी. तरी ती खिडकी उघडायला हजारो माणसं आमच्याच दारातून येणार होती.

दुसरा अंक. मुलगी सासरी निघाली. बाबा पुढे आले. "पोरी," ते म्हणाले, आणि सगळं सभागृह पुढे झुकलं.

आणि बाबांनी ते भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायला सुरुवात केली. बिनचूक. स्वल्पविरामासकट. आठवडाभर त्यांनी चोरून पाठ केलं होतं.

लोक थांबले. मग जरा मागे टेकले. कुणीतरी खोकलं. माझ्यासमोर रेघ हळूहळू खाली उतरायला लागली. घरून बघणारे निघून जात होते. मला बाबांची इतकी दया आली! ते इतकं छान करत होते, इतकं मनापासून, आणि कुणालाच ते नको होतं.

तेवढ्यात उजव्या विंगेतून आईचा आवाज आला. कुजबुज नव्हे. स्वयंपाकघरातून बैठकीत येतो तो आवाज.

"अहो, हे कधी पाठ झालं? सकाळपर्यंत तर येत नव्हतं!"

बाबा गर्रकन वळले. "तू प्रॉम्प्टर आहेस ना? मी अडलो तर बोलायचं."

"मग अडा ना कुठेतरी! मी केव्हाची उभी आहे!"

छप्पर उडतंय असं वाटलं. आणि आई हातात नाटकाची संहिता घेऊन, साडीवर स्वेटर आणि पायांत मोजे अशी रंगमंचावर आलीच. बाबांनी हात जोडून ओळख करून दिली, "ही माझी पत्नी. हिला प्रवेशिका मिळाली नाही."

"रांगेत होते," आई प्रेक्षकांना म्हणाली, आणि ज्या शेकडो जणांनी ती रांग पाहिली होती ते सगळे टाळ्या वाजवायला लागले. मग ती वधूकडे वळली, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोरी, हे सांगतील काळजी घे, सुखात राहा. मी एकच सांगते. नवऱ्याला आकडे बघायला देऊ नकोस. जेवायचं थंड होतं."

मी स्क्रीनकडे पाहिलं. रेघ वळली होती. आधी हळू, मग सरळ उभी. लोक एकमेकांना फोन करून बोलावत असणार: बघ, बघ, आत्ता लाव. गच्चीवर सोडलेल्या खोट्या माणसांपेक्षा खरी माणसं जास्त झाली, त्याच्या दुप्पट झाली, आणि साईट उभी. मी लॅपटॉप शेजारच्या अनोळखी काकूंच्या मांडीवर ठेवला आणि खुर्चीवर चढून टाळ्या वाजवल्या, शिट्टी मारायचा प्रयत्न केला, ती नीट वाजली नाही. काकू म्हणाल्या, "खूपच आवडलेलं दिसतंय तुम्हाला." मी म्हटलं, "हो ना, पडलीच नाही!" त्या बिचाऱ्या रंगमंचाकडे बघायला लागल्या, कोण पडायचं राहिलं म्हणून.

नाटक संपल्यावर आम्ही तिघं चालत बाड्यावर, गावातल्या मोठ्या चौकात, गेलो. थंडी होती, सगळ्या इमारतींवर दिवे होते. गरम दुधाच्या कढईपाशी उभे राहून आम्ही मातीचे कुल्हड हातात घेतले आणि नुसते एकमेकांकडे बघून हसत होतो. एक तरुण जोडपं घुटमळत जवळ आलं. इंदूरहून आले होते, नुकतंच लग्न झालेलं.

"काका, एक फोटो?"

"हां हां, घ्या ना!" बाबांनी केस सारखे केले आणि सरसावून उभे राहिले.

"नाही, म्हणजे..." मुलगी लाजली. "काकूंबरोबर. तुम्ही काढाल का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई मोज्यांकडे बघत होती. बाबांनी कुल्हड माझ्या हातात दिला, फोन घेतला, दोन पावलं मागे गेले आणि म्हणाले, "काकू, जरा हसा." त्यांचा हात हसण्याने इतका हलत होता की एकही फोटो धड आला नाही. तरी ते काढतच राहिले.